एकाच डब्यातले पाच सॉर्टर

मनमाड स्टेशनावर तुम्ही कधी गाडी बदलली आहे का? मुंबईहून निघालेली गाडी नाशिक मागे टाकून सुमारे २६० किलोमीटर आली, की हे जंक्शन लागते. येथून एक मार्ग भुसावळकडे जातो, एक अहिल्यानगरवरून दौंडकडे आणि एक छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादकडे. अंगठा उभा करून दाखवावा तसा हडबीच्या शेंडीचा सुळका दृष्टीस पडला, की जाणते उतारू सामानाची बांधाबांध करू लागतात.

आज येथे गाडी बदलायची म्हणजे जिना चढून फलाट बदलायचा, एवढेच. पण १९९० च्या दशकापर्यंत आणखी एक भानगड होती. मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. आणि सिकंदराबादकडे जाणारा, पूर्वीच्या निजाम संस्थानातला मार्ग मीटर गेज, म्हणजे हे अंतर बरोबर १००० मिलिमीटर. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर चालणे शक्यच नव्हते. त्यामुळे माणसे, धान्याची पोती, पार्सले, टपालाच्या थैल्या, सारे काही एका गाडीतून उतरवायचे, फलाटावरून न्यायचे आणि दुसऱ्या गाडीत चढवायचे. माल तोच, त्यात तिळमात्र बदल नाही. पण हमालांना घाम आणि गाडीला खोळंबा! लहानपणी मी तो खोळंबा पुष्कळदा पाहिला आहे. त्या वेळी तो मला मोठा गमतीचा वाटे.

पत्रांचे काम मात्र काही गाड्यांत चालत्या डब्यात होत असे. आर.एम.एस. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. आपल्या देशात रेल्वेत पत्रे वेगळी करण्याची पहिली तुकडी १८६३ साली अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झाली. पुढे टपालाच्या लाल डब्यात सॉर्टर मंडळी कप्प्यांच्या भिंतीपुढे उभी राहून, गाडीच्या हेलकाव्यांत, पत्रे भराभर ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकीत. कालांतराने हे काम धावत्या गाडीतून स्थिर कचेऱ्यांत गेले. पण सर्व सॉर्टर एकाच डब्यात असण्याचा मोठा फायदा होता : थैली एकदाच फोडायची, पत्रे एकदाच पसरायची आणि शंका आली तर शेजारच्याला नुसते हाक मारून विचारायचे.

हे सगळे आज आठवण्याचे कारण म्हणजे एक न पोचलेले पत्र. खरे तर ते पोचले होते, आणि तीच तर रड आहे. मनमाडला राहणाऱ्या माझ्या पुतणीने गेल्या वर्षी एका संस्थेच्या विज्ञान शिबिरासाठी अर्ज केला होता. निवड झाल्याचे पत्र ईमेलने येणार होते. ती रोज पेटी पाही, पत्र नाही. शेवटी सहाव्या दिवशी ‘नको असलेले टपाल’ असे लिहिलेल्या कप्प्यात तिला ते सापडले. होकार कळवण्याची मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती! शिबिराची जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली.

“काका, हे ठरवलं कोणी?” तिने मला विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हां दोघांना जे कळले, ते तुम्हांला सांगतो.

दारावरचे संभाषण

ईमेल पाठवणे म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलणे. हे बोलणे कसे करावे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्यांना एस.एम.टी.पी. म्हणतात, आणि थोडेफार वाढलेल्या रूपात ते आजही चालू आहेत. बोलणे मोठे मजेदार असते. पाठवणारा संगणक दार ठोठावतो. घेणारा म्हणतो “२२०”, म्हणजे “या, मी हजर आहे.” पाठवणारा आपले नाव सांगतो. मग तो सांगतो पत्र कोणाकडून आले, मग सांगतो कोणाला द्यायचे. प्रत्येक वेळी उत्तर येते “२५०”, म्हणजे “ठीक”. मग “आता मजकूर देतो” असे म्हटले, की घेणारा म्हणतो “३५४”, म्हणजे “सांगा, ऐकतो आहे”. मजकूर संपला हे कळवण्यासाठी एका ओळीत नुसता एक पूर्णविरामाचा ठिपका पाठवायचा. त्यावर पुन्हा “२५०” आले, की व्यवहार पुरा.

हे शेवटचे २५० फार महत्त्वाचे. रजिस्टर पत्राची पावती फाडून द्यावी तसे ते असते. ते म्हणण्यापूर्वी पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हटल्यानंतर ती घेणाऱ्याची. घेणाऱ्याला पत्र नको असेल तर त्याने २५० न म्हणता ५५० म्हणावे : “घेत नाही.” मग पाठवणाऱ्याला निदान कळते तरी! आणि आत्ता निर्णय होत नसेल तर ४५१ म्हणावे : “जरा वेळाने या.” पाठवणारा पत्र स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा येतो. पण एकदा २५० म्हणून पावती द्यायची आणि मग पत्र गुपचूप अडगळीत टाकायचे, यात दोन्हीकडची माणसे अंधारात राहतात. माझ्या पुतणीचे नेमके हेच झाले.

आता तुम्ही विचाराल, नाकारायचेच कशाला? येईल ते पत्र देऊन टाकावे की! पूर्वी तसेच होते. आपल्याकडे १९८६ साली एर्नेट हा शैक्षणिक संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्या सुमारास मुंबईत जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागली. तेव्हा पत्र पाठवणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांना ओळखत असत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले आणि हळूहळू ओळखीपाळखीचा जमाना संपला. नको असलेल्या पत्राचा जन्म मात्र त्याच्याही आधीचा. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० पत्त्यांवर एकदम पाठवली. लोक भयंकर चिडले! पण जाहिरातीच्या पत्राला पाठवणाऱ्याचे जवळजवळ काहीच पडत नाही, ही गोष्ट जगाला कळायची ती कळलीच. अलीकडच्या वर्षांत जगातील एकूण ईमेलपैकी निम्म्याच्या आसपास पत्रे अशी नको असलेली असतात. त्यांतली काही नुसती जाहिरात करतात, काही विषाणू घेऊन येतात, आणि काही तर तुमच्या वडिलांच्या बँकखात्यावरच डोळा ठेवून असतात.

म्हणून दारावर गाळण्या आल्या. एकच नव्हे, अनेक.

गाळण्यांची रांग

मनमाडकरांना गाळणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या गावाला पाण्याची ओढ कायमची. बारीक धारेने आलेले पाणी घरोघर दुहेरी फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून, मगच माठात जाते. फडके कचरा अडवते, पण गढूळपणा अडवत नाही. तुरटी गाळ खाली बसवते, पण जंतू मारत नाही. त्यासाठी उकळावे लागते. एका उपायाने सगळे साधत नाही, म्हणून उपाय एकापुढे एक लावावे लागतात.

पत्रांचेही तसेच. एक गाळणी फक्त एवढेच पाहते, की दार ठोठावणारा संगणक बदनाम लोकांच्या यादीत आहे का. दुसरी पाहते, पत्रावरची मोहोर खरी आहे का. तिसरी जोडपत्रांत विषाणू शोधते. चौथी मजकुरातील शब्द मोजते : पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखानंतर ही युक्ती सगळीकडे पसरली. तुम्ही ‘नको’ म्हटलेल्या पत्रांत कोणता शब्द किती वेळा येतो आणि ‘हवे’ म्हटलेल्या पत्रांत किती वेळा, यावरून नव्या पत्राची शक्यता काढायची. पाचवी गाळणी संस्थेचे स्वतःचे नियम तपासते.

या गाळण्या टपाल-सर्व्हरला जोडायच्या कशा? सेंडमेल हा एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिलेला जुना आणि नामांकित टपाल-कार्यक्रम. त्यात २००० सालच्या सुमारास एक सोय आली. तिला ‘मिल्टर’ म्हणतात. मेल आणि फिल्टर या दोन शब्दांची ही संधी आहे, व्याकरणाच्या सरांनी रागावू नये! पुढे वित्सा वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या कार्यक्रमानेही ती उचलली. मिल्टरची कल्पना सोपी आहे. दारावरचे संभाषण चालू असतानाच सर्व्हर प्रत्येक पायरी गाळणीला कळवतो : कोण आले, काय नाव सांगितले, पत्र कोणाचे, कोणाला, शीर्षकाच्या ओळी कोणत्या, मजकूर काय. प्रत्येक पायरीवर गाळणी म्हणू शकते “पुढे चालू द्या”, “घ्या”, “नाकारा”, “नंतर बोलवा” किंवा “टाकून द्या”. सारा मजकूर हाती आल्यावर अगदी शेवटी तिला पत्रात बदलही करता येतो, म्हणजे एखादी ओळ जोडणे, एखादी काढणे वगैरे. आणि हे सर्व शेवटच्या २५० च्या आधी! म्हणजे नाकारायचे तर उघडपणे नाकारता येते.

पण येथे मनमाडचा खोळंबा येतो.

मिल्टर हा वेगळा कार्यक्रम असतो. चालू असलेल्या कार्यक्रमाला संगणकाच्या भाषेत ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला संगणकाच्या स्मृतीत आपली वेगळी जागा असते. एकीला दुसरीच्या जागेत डोकावता येत नाही. म्हणजेच दोन प्रोसेसचे रूळ वेगळ्या रुंदीचे! पत्र एकीकडून दुसरीकडे न्यायचे तर उतरवा, वाहून न्या आणि पुन्हा चढवा. मिल्टरच्या नियमांप्रमाणे मजकूर एका खेपेला जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट एवढाच नेता येतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुम्ही मामाला ३ मेगाबाइटचा एक फोटो पाठवला. ईमेलमध्ये फोटो जसाच्या तसा जात नाही. त्याचे दर ३ बाइट ४ अक्षरांत लिहावे लागतात. म्हणून तो ४ मेगाबाइट होतो. ओळी तोडण्याच्या खुणा सोडून देऊ. ४ मेगाबाइट म्हणजे ४१,९४,३०४ बाइट. याला ६५,५३५ ने भागा. ६४ पूर्ण खेपा होतात आणि ६४ बाइट उरतात! त्या चिमूटभर बाइटांसाठी आणखी एक खेप. म्हणजे कमीत कमी ६५ खेपा. गाळण्या पाच असतील तर ६५ गुणिले ५, म्हणजे ३२५ खेपा. शिवाय प्रत्येक गाळणी तो फोटो पुन्हा पहिल्यापासून उलगडणार. एकच थैली पाच ठिकाणी फोडायची आणि पाच ठिकाणी शिवायची!

मामाचा एक फोटो असेल तर काही बिघडत नाही. पण मोठ्या सर्व्हरवर शेकडो पत्रे एकाच वेळी दारात उभी असतात. आणि पाठवणारा काही अनंतकाळ थांबत नाही. शेवटच्या ठिपक्यानंतर त्याने निदान १० मिनिटे वाट पाहावी असे नियम सांगतो; त्यानंतर उत्तर नाही असे समजून तो निघून जातो, आणि पुन्हा येऊन तेच पत्र परत देतो. मग एकाच पत्राच्या दोन प्रती.

सगळे एका डब्यात

यावर उपाय आर.एम.एस.चा. पाचही सॉर्टर एकाच डब्यात बसवा, म्हणजे पाचही गाळण्या एकाच प्रोसेसमध्ये घाला. पत्र एकदाच चढवायचे, एकदाच उलगडायचे, आणि मग पाचही जणांनी तेच उलगडलेले पत्र पाहायचे. कॅनडातील डेव्हिड स्कोल यांच्या माइमडिफँग या कार्यक्रमाने याच वाटेने मार्ग काढला : पत्राचे भाग एकदाच सुटे करायचे आणि मग एकाच नियमावलीतून निरनिराळ्या तपासण्यांना हाक मारायची. आरस्पॅमडी नावाचा अलीकडचा कार्यक्रमही बहुतेक तपासण्या एकाच ठिकाणी करतो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण पाच स्वतंत्र माणसांना एका खोलीत बसवले, की नवे प्रश्न निघतात. ते घरोघरी निघतात, येथेही निघतात.

पहिला प्रश्न शब्दांच्या अर्थाचा. एखादी गाळणी म्हणते “घ्या”. ती एकटी असताना याचा अर्थ असतो : “माझे समाधान झाले, मला आणखी काही दाखवू नका.” आता पाचांना एकत्र करणाऱ्याने घाईघाईत “घ्या म्हणजे घ्या” असे समजून पत्र सरळ आत सोडले तर? पहिल्या सॉर्टरचे समाधान झाले म्हणून विषाणू शोधणाऱ्या तिसऱ्याने पत्र पाहिलेच नाही! म्हणून एकत्र करणाऱ्याला प्रत्येकाच्या नावापुढे खूण ठेवावी लागते : हा मोकळा झाला, हा अजून पाहतो आहे. पाचही मोकळे झाले तरच पत्र मोकळे. याच्या उलट “नाकारा” हा शब्द मात्र पहिल्यानेच उच्चारला तरी पुरतो. त्यातही मेख आहे. एकच पत्र तिघांना आलेले असेल आणि ‘कोणाला’ या पायरीवर गाळणीने एकाला नाकारले, तर तो एकटाच वगळायचा. बाकी दोघांचे पत्र चालूच राहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न वहीचा. एका डब्यात एकाच वेळी अनेक पत्रे हाताळली जात असतात. सॉर्टरने “हे पत्र संशयास्पद” अशी टीप डब्यातल्या सामाईक पाटीवर लिहिली आणि तेवढ्यात दुसरे पत्र त्याच पाटीपुढे आले, तर साधूच्या पत्राला चोराची टीप चिकटते! हा दोष फार फसवा असतो. तपासायला जावे तेव्हा दिसत नाही, कारण तेव्हा गर्दी नसते. म्हणून प्रत्येक पत्राबरोबर त्याची स्वतःची वही चालली पाहिजे. सामाईक पाटीवर कोणी काही लिहू नये. वेगळ्या प्रोसेसमध्येही ही काळजी घ्यावी लागतेच, पण एका डब्यात पाचांपैकी एकाने हयगय केली तरी पाचांचे काम नासते.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर. डब्याचा आस तापला, तर पाचही सॉर्टर वाटेत अडकतात. एका प्रोसेसमधील एक गाळणी कोसळली, की सारी प्रोसेस कोसळते. आणि विषाणू शोधणारी गाळणी कोसळण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण दुष्ट लोकांनी मुद्दाम बिघडवून पाठवलेल्या वस्तू उघडणे हेच तिचे काम. ‘४२ झिप’ नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे. ती दिसते जेमतेम ४२ किलोबाइटची, पण थर उलगडत गेले तर ४५ लाख गिगाबाइटच्या घरात जाते. ती आंधळेपणाने उघडणाऱ्याची स्मृती पार संपून जाते! आणि कोसळणे परवडले, पण चोर आत शिरणे नको. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस नावाच्या किड्याने इंटरनेटवरील हजारो संगणक जेरीस आणले. त्याची एक वाट सेंडमेलमधील फटीतून गेली होती. त्या वेळचा सेंडमेल म्हणजे सगळी कामे पोटात घेतलेला एकच अगडबंब कार्यक्रम. वेनेमा यांनी पोस्टफिक्स रचताना कामे छोट्या छोट्या प्रोसेसमध्ये वाटली ती उगीच नव्हे.

मग एकत्र करावे की वेगळे ठेवावे? माझे मत विचाराल तर, गरीब आणि भरवशाच्या गाळण्या एका डब्यात बसवाव्यात : यादी पाहणारी, मोहोर तपासणारी, शब्द मोजणारी. स्फोटके हाताळणारा मात्र वेगळ्या डब्यात, जाड दाराआड. त्याच्यापर्यंत थैली वाहून नेण्याचे कष्ट सोसावेत. तो कोसळला तर काय करायचे तेही आधी ठरवून ठेवावे. पोस्टफिक्समध्ये गाळणी हजर नसेल तर न सांगताच ४५१ च्या जातीचे उत्तर दिले जाते, “जरा वेळाने या”. पत्र थोडे उशिरा पोचते, पण हरवत नाही आणि न तपासता आतही येत नाही. मला ही मनमाडी शिस्त वाटते : मागची गाडी आली नाही तर जोडगाडी थोडी थांबवा.

आधी कोण, मग कोण

आता क्रम. फडके आधी की उकळणे आधी? समजा, १०० पत्रे आली. यादी पाहणाऱ्या गाळणीला एका पत्राला १ मिलिसेकंद लागतो, विषाणू शोधणारीला १०० मिलिसेकंद. आणि हिशेबापुरते धरू, की दोघींपैकी जी आधी येईल ती ७० पत्रे परत पाठवते. यादी आधी ठेवली तर १०० × १ अधिक ३० × १००, एकूण ३,१०० मिलिसेकंद. विषाणू आधी ठेवला तर १०० × १०० अधिक ३० × १, एकूण १०,०३०. काम तेच, वेळ तिप्पट! स्वस्त गाळणी पुढे, महाग मागे.

पण वेळ हाच एक हिशेब नाही. मोहोरेचा विचार करा. टपालाच्या थैलीचे तोंड बांधून त्यावर लाखेची मोहोर उठवतात, हे तुम्ही पाहिले असेल. ईमेललाही अशी मोहोर असते, तिला डी.के.आय.एम. म्हणतात. पाठवणाऱ्या संस्थेचा सर्व्हर संपूर्ण मजकुरावरून गणिताने एक आकडा काढतो आणि तो आपल्या गुप्त किल्लीने बंद करतो. घेणारा तो आकडा पुन्हा काढून ताडून पाहतो. मजकुरात एक अक्षर जरी वाढले तरी आकडा जुळत नाही. आता पाठवणाऱ्याकडच्या गाळण्यांत एकीचे काम आहे मोहोर उठवणे आणि दुसरीचे काम आहे तळाशी “हे पत्र गोपनीय आहे” अशी ओळ जोडणे. ओळ आधी, मोहोर मागून, असा क्रम असेल तर सारे ठीक. मोहोर आधी उठवली आणि मग थैली उघडून आत आणखी एक चिठ्ठी सरकवली, तर पुढच्या स्टेशनावरचा कारकून म्हणणार, “मोहोर फुटलेली आहे!” पत्र खरे, माणूस खरा, तरी संशय.

निकाल कोणाचा?

शेवटी येतो निकाल. समजा, प्रत्येक गाळणी फार हुशार आहे. १०० चांगल्या पत्रांत ती फक्त एकाला चुकून वाईट म्हणते. अशा पाच गाळण्या लावल्या आणि कोणीही एकीने “वाईट” म्हटले की पत्र अडवायचे, असा नियम केला. तर चांगले पत्र पाचही गाळण्यांतून सुखरूप जाण्याची शक्यता किती? ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे ०.९५१. हजार चांगल्या पत्रांतली १० नव्हे, ४९ अडकतात! (पाचही गाळण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे येथे धरले आहे. प्रत्यक्षात त्यांच्या चुका बरेचदा सारख्याच पत्रावर होतात, त्यामुळे आकडा थोडा कमी भरतो.) पहारेकरी वाढवले तर चोर कमी शिरतात हे खरे, पण घरचे पाहुणेही परत जाऊ लागतात.

म्हणून शहाणी पद्धत गुणांची. प्रत्येक तपासणीने एकदम निकाल देऊ नये, संशयाचे थोडे गुण द्यावेत, आणि बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली तरच पत्र बाजूला काढावे. स्पॅमअ‍ॅसॅसिन या २००१ सालापासूनच्या प्रसिद्ध कार्यक्रमात ही मर्यादा, कोणी बदलली नसेल तर, ५ गुणांची असते. गाळण्या एकाच प्रोसेसमध्ये असतील तर ही बेरीज अगदी सोपी होते, कारण सगळ्यांचे गुण एकाच वहीत पडतात. वेगळ्या प्रोसेसमध्ये असतील तर एकीने पत्राच्या शीर्षकात आपले गुण लिहायचे आणि दुसरीने ते वाचून पुढे जायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो.

आपल्या पिनकोडचेही असेच पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्यामागे टपाल-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची कल्पना होती. मनमाडचा आकडा ४२३१०४. त्यातील ४ हा अंक विभाग सांगतो, ४२३ वाटणीचा जिल्हा आणि १०४ टपाल कचेरी. तीन गाळण्यांचे काम एकाच ओळीत लिहिलेले! सॉर्टरने पत्र एकदाच पाहायचे.

आता पुतणीच्या पत्राकडे येऊ. ईमेल वाचण्याच्या बहुतेक कार्यक्रमांत ‘मूळ संदेश दाखवा’ अशी एक सोय असते. शोधा, तुम्हांला सापडेल. तेथे पत्राने वाटेत खाल्लेले सगळे शिक्के दिसतात. सर्वांत जुना शिक्का तळाशी, नवा वर. ओळी भयंकर लांब आणि रूक्ष असतात, पण आम्ही दोघे बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेलो आणि मधोमध आम्हांला गुणपत्रिका सापडली!

विषयाची ओळ सगळीच्या सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत : १.५ गुण. मजकूर शब्दांत न लिहिता चित्र करून डकवलेला : १.९ गुण. मोहोर जुळत नाही : १.८ गुण. एकूण ५.२. मर्यादा ५.

पहिल्या दोन गोष्टी नुसत्या हौसेच्या होत्या. पण मोहोर का जुळली नाही? आम्ही पत्राचा तळ पाहिला. तेथे संस्थेची एक लांबलचक सूचना होती, आणि ती प्रत्येक पत्राला आपोआप जोडली जात होती. मोहोर उठवल्यानंतर!

पुतणीने त्या संस्थेला एक पत्र लिहिले. तक्रारीचे नव्हे, दोन गाळण्यांचा क्रम उलटा लागला आहे, एवढेच त्यात होते, आणि खाली त्या तीन ओळी उतरवून दिल्या होत्या. दहा दिवस काही उत्तर आले नाही. अकराव्या दिवशी आले : “क्रम बदलला आहे. पाहून कळवावे.”

या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. पत्र सरळ तिच्या पेटीत आले. विषयाची ओळ अजूनही मोठ्या अक्षरांतच होती आणि मजकुराचे चित्रही तसेच होते. तिने मूळ संदेश उघडून गुण पाहिले, तर बेरीज भरली होती ३.४.